संस्था नीट चालते म्हणजे नेमकं काय चालतं?

लंबक :

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज मांडतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

कारखान्यात आधी मेंटेनन्स आणि नंतर उत्पादन नियोजन अशी मिळून २६ वर्षं काढली. या काळात व्यवस्थापनाच्या किती पद्धती आल्या नि गेल्या हे मोजायचं सोडून दिलं. दर वेळी नवं नाव, नवे तक्ते, नवं प्रशिक्षण. काहींनी खरंच फरक पडला, काही भिंतीवरच्या फलकातच राहिल्या. असं का होतं ते तेव्हा कळत नव्हतं. निवृत्तीनंतर सवड मिळाली तसं या विषयावरचं जुनं लेखन मुळापासून वाचायला घेतलं, आणि वाचताना एकच प्रसंग सारखा आठवत राहिला.

एका मोठ्या ब्लोअरचं (हवा फेकणाऱ्या यंत्राचं) बेअरिंग जाम झालं आणि उत्पादनाची लाइन १४ तास बंद पडली. चौकशी माझ्याकडे आली. लॉगबुक काढलं. मागचे नऊ दिवस, २७ पाळ्या. प्रत्येक पाळीच्या शेवटी 'शेरा' या रकान्यात दोनच शब्द : सर्व ठीक. अक्षरं वेगळी, शाई वेगळी, शब्द तेच. मग त्या ब्लोअरच्या ऑपरेटरला घेऊन जागेवर गेलो. त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, टोक शेजारच्या चालू ब्लोअरच्या हाउसिंगवर टेकवलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. म्हणाला, "साहेब, हा चांगल्याचा आवाज. सलग, एका सुरात. त्याच्यात नऊ दिवसांपासून मधेच वाळू घासल्यासारखं येत होतं."

मग लिहिलं का नाही? तो म्हणाला, "मागच्या वर्षी लिहिलं होतं. मशीन उघडलं, काही सापडलं नाही. चार तास लाइन का थांबवली, याचं उत्तर मला द्यायला लागलं."

ते उत्तर मागणाऱ्यांत मी होतो. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की वाईट वाटतं.

आता हा प्रसंग समोर ठेवून सिद्धांत वाचले की ते वेगळे दिसतात. अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलर घ्या. १९११ च्या पुस्तकात तो सुरुवातच इथून करतो की काम कसं करायचं याचं ज्ञान कामगाराच्या हातात आहे, व्यवस्थापकाला ते ठाऊक नाही. ते गोळा करा, मोजा, नियमांत बसवा, हे त्याचं सांगणं. अमेरिकेतल्या बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात फावड्यात एका वेळी किती वजन आलं तर दिवसभरात सर्वांत जास्त काम होतं ते त्याने करून पाहिलं, उत्तर आलं सुमारे २१ पौंड. मग हलक्या मालासाठी मोठं फावडं, जड मालासाठी लहान. हे काम मला अस्सल वाटतं. त्याआधी कोणी फावड्याकडे इतक्या आस्थेने पाहिलं असेल असं वाटत नाही. पण त्याच्या रचनेत ज्ञान एकदा वर गेलं की खाली नुसते हात उरतात. उद्या फावडं वाकलं तर ते सांगायची जागाच त्यात नाही. त्याच १९११ च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या लष्करी कारखान्यातल्या साचेकामगारांनी स्टॉपवॉच लावून काम मोजण्यावरून काम बंद केलं, आणि प्रकरण अमेरिकी संसदेच्या चौकशीपर्यंत गेलं.

फेयोलने मला चकित केलं. हा फ्रेंच माणूस खाणकंपनी चालवलेला, अधिकाराची उतरंड पक्की हवी म्हणणारा. पण १९१६ च्या त्याच्या लेखनात एक साधी आकृती आहे. दोन शिड्या वर एकत्र टेकलेल्या. एका शिडीच्या पायथ्याच्या माणसाला दुसऱ्या शिडीच्या पायथ्याशी काही सांगायचं, तर सगळ्या पायऱ्या चढून वर जायचं आणि पुन्हा उतरायचं. फेयोल म्हणतो, मधे फळी टाका. दोघांच्या वरिष्ठांनी परवानगी द्यावी, काय ठरलं ते त्यांना कळवावं, पण बोलणं थेट व्हावं. आमच्याकडे ऑपरेटर आणि मेंटेनन्सचा फिटर यांच्यात ही फळी नव्हती. दोघं रोज एकाच बसने यायचे.

वाचून वाचून मी एका गोष्टीपाशी आलोय. संस्था चांगली चालते का हे बघायचं असेल तर तिथली एक वाईट बातमी धरा, आणि ज्याला ती आधी कळते त्याच्यापासून ज्याला निर्णय घेता येतो त्याच्यापर्यंत ती किती दिवसांत पोचते ते पाहा. नफा, वाढ, पुरस्कार यांच्याआधी मी हे बघेन.

तुमच्या कामाच्या ठिकाणी हे कसं दिसतं? आणि माझी कसोटी अपुरी असेल तर तेही सांगा.


रानवेल :

लंबक, तुमचा स्क्रूड्रायव्हरचा प्रसंग वाचून थांबले. मी रुग्णालयात आहे, परिचारिकांच्या पाळ्यांचं नियोजन माझ्याकडे. आमच्याकडे बेअरिंगच्या जागी माणूस असतो, एवढाच फरक.

औषध देण्यातल्या चुकांसाठी एक फॉर्म असतो. मी एका ठिकाणी रुजू झाले तेव्हा आमच्या मजल्यावर वर्षभरात असे दोन फॉर्म भरले गेले होते, आणि ते अभिमानाने सांगितलं गेलं. इतकी माणसं, इतकी औषधं, रात्रपाळ्या, आणि दोनच चुका? मला पहिल्याच आठवड्यात एकाच ट्रेमध्ये सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या शेजारी शेजारी सापडल्या. विचारल्यावर एक ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, "आम्ही लक्षात ठेवतो ना." त्या खरंच लक्षात ठेवत होत्या. नव्या मुलीला कोण सांगणार होतं?

याच विषयावर एमी एडमंडसन यांचं १९९६ चं संशोधन आहे. रुग्णालयातल्या ज्या गटांचं आपसात चांगलं जमतं, तिथे चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर कारण उमगलं : तिथे लोक चुका बोलून दाखवत होते. बाकीच्या गटांत चुका लपून राहत होत्या. १९९९ मध्ये त्यांनी गटातल्या या निर्धास्तपणावर पुढचा अभ्यास मांडला.

म्हणून तुमच्या कसोटीत एक भर घालते. बातमी पोचायला किती वेळ लागला हे पोचलेल्या बातमीचंच मोजता येतं. न पोचलेल्या बातमीचं काय? मी आता एखाद्या मजल्यावर फॉर्म फारच कमी आले की आधी तिथे जाऊन बसते.


अनवाणी :

लेख आवडला, पण असहमती नोंदवतो. मला या सगळ्या सिद्धांतांचं वजन फार वाटत नाही. मी चार संस्थांत काम केलं. दोन चांगल्या चालल्या, दोन वाईट. पद्धती चारही ठिकाणी जवळपास सारख्या. चांगल्या दोन ठिकाणी वरचा माणूस चांगला होता, बस्स. नीट माणसं घ्या, कामचुकारांना काढा, आणि चांगलं काम करणाऱ्याला त्याचं श्रेय द्या. ऑपरेटरने आवाज ऐकला आणि लिहिलं नाही, हा शेवटी त्याच्या कर्तव्याचा भाग होता. भीती वाटली हे समजू शकतो, पण २७ पाळ्यांत एकालाही लिहावंसं वाटू नये?


पिंपळपान :

वाचतोय. कोनाडा, तुम्ही हे शिकवता ना? हॉथॉर्नबद्दल लिहा. प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ती दिव्यांची गोष्ट सांगतात.


कोनाडा :

पिंपळपान, लिहिते. पण आधी अनवाणींच्या मुद्द्याकडे येते, कारण तो मनापासून मांडलाय आणि खूप जणांना तसंच वाटतं.

गुणवत्तेच्या विषयातले अमेरिकी तज्ज्ञ डेमिंग आपल्या वर्गांत एक प्रयोग करून दाखवायचे. एका पेटीत ४,००० मणी. ३,२०० पांढरे, ८०० लाल. ५० खळगे असलेली एक फळी पेटीत बुडवायची आणि मणी भरून बाहेर काढायची. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे सदोष. समोरच्या लोकांतूनच 'कामगार' निवडायचे, काही निरीक्षक, एक नोंदनीस. मग कामाला सुरुवात. कोणाचे सात लाल येतात, कोणाचे चौदा. सातवाल्याचं कौतुक, चौदावाल्याला तंबी. दुसऱ्या फेरीत सातवाल्याचे अकरा येतात, मग त्याला विचारलं जातं की कौतुकाने शेफारलास का. मी हा प्रयोग वर्गात दर वर्षी करते. दर वर्षी तिसऱ्या फेरीपर्यंत फळी धरणारी मुलं खरोखर घाबरलेली असतात. हात हळू होतात, कोनात बदल करून बघतात, फळी वर काढताना श्वास रोखतात. पेटीत २० टक्के लाल मणी आहेत हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तरीही.

अनवाणी, २७ पाळ्यांत एकानेही लिहिलं नाही म्हणूनच मी ते कर्तव्यातली कसूर मानत नाही. एखाद्याने लिहिलं नसतं तर माणूस बघितला असता. कोणीच लिहिलं नाही, म्हणजे पेटी बघायला हवी.

आता हॉथॉर्न. टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकचा शिकागोजवळचा कारखाना. १९२४ ते १९२७ दिव्यांचे प्रयोग. उजेड वाढवला, काम वाढलं. कमी केला, तरी वाढलं. लक्ष दिलं की लोक खूश होतात, एवढंच यातून काढून ट्रेनिंगवाले पुढे जातात. पण १९२७ पासून रिले (टेलिफोन यंत्रणेतले विजेचे स्विच) जोडणाऱ्या मुलींच्या खोलीत जे चाललं, त्यातला एक तपशील बहुतेक वेळा गाळला जातो : १९२८ च्या जानेवारीत, फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. गटाच्या आनंदाने उत्पादन वाढलं, या निष्कर्षात ही बदली कुठे बसवायची? वेतनाची पद्धतही लहान गटाला फायद्याची होईल अशी बदललेली होती.

मला त्याहून बोलकी वाटते ती १९३१-३२ मधली तारजोडणीची खोली. १४ पुरुष. गटाच्या उत्पादनावर पैसे, म्हणजे जास्त काम केलं तर सगळ्यांचाच फायदा. तरी त्यांनी आपसात दिवसाचा एक आकडा ठरवून घेतला होता. जास्त काम करणाऱ्याच्या दंडावर बुक्की बसायची. आणि साहेबांकडे जाणारा आकडा रोज जवळपास सारखा दिसेल, याची काळजी सगळे मिळून घ्यायचे. जास्त केलं तर दर कमी करतील किंवा माणसं कमी करतील, ही भीती त्यामागे होती. लंबक, तुमचं 'सर्व ठीक' आणि हा सारखा आकडा, दोन्ही एकाच घरातले.


तिठा :

सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमच्याकडचा अनुभव सांगतो.

एका टीममध्ये असताना वरून ठरलं की ग्राहकाची तक्रार नोंदल्यापासून दोन दिवसांत बंद झाली पाहिजे. डॅशबोर्डवर टक्केवारी दिसायची, दर सोमवारी मीटिंगमध्ये ती वाचली जायची. तीन महिन्यांत ६८ वरून ९६ टक्के. सगळ्यांना शाबासकी. प्रत्यक्षात आम्ही काय करत होतो? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तक्रार 'अधिक माहिती हवी' म्हणून बंद करायची, ग्राहकाला नवी तक्रार नोंदवायला सांगायचं. घड्याळ पुन्हा शून्यावर. एक ग्राहक एकाच बिघाडासाठी सहाव्यांदा आला तेव्हा मी त्याच्या सहाही तक्रारी एका ओळीत लावून बघितल्या. प्रत्येक हिरवी. सहा हिरव्या खुणा, आणि त्याचं काम सात आठवडे अडलेलं.

कोणी खोटारडं नव्हतं. मी स्वतः त्यातल्या दोन बंद केल्या होत्या.

स्टीव्हन कर यांचा १९७५ चा एक लेख आहे, त्यात हेच आहे : आपल्याला हवं असतं एक आणि आपण बक्षीस देतो दुसऱ्यालाच. मोठ्या प्रमाणावर काय होतं ते २०१६ मध्ये वेल्स फार्गो बँकेच्या प्रकरणात दिसलं. एका ग्राहकाला जास्तीत जास्त खाती-योजना विकायचं लक्ष्य, त्यातून ग्राहकांना न विचारता उघडलेली लाखो खाती, १८.५ कोटी डॉलरचा दंड, आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढलेलं. ५,३०० माणसं एकाच संस्थेत एकाच वेळी अप्रामाणिक निघाली, हे मला पटत नाही. कोनाडांची पेटी तिथेही आहे.


शिरस्ता :

चर्चा एका बाजूला झुकतेय म्हणून लिहितो. प्रशासनात ३० वर्षं घालवली. नियम, फाइल, सही, जावक क्रमांक यांची टिंगल ऐकत आलो. मला वाटतं, लंबक ज्याच्या शोधात आहेत तो रस्ता याच गोष्टींनी बांधला जातो.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने नोकरशाहीचं वर्णन केलं तेव्हा त्याच्यासमोर पर्याय काय होता? मर्जी. सरदाराची, मालकाची, नात्यागोत्याची. त्याऐवजी लेखी नियम, ठरलेलं अधिकारक्षेत्र, पात्रतेवर नेमणूक, कार्यालयाचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा. यात सर्वांत दुबळ्या माणसाचं संरक्षण आहे. तोंडी सांगितलेली गोष्ट वरिष्ठ विसरू शकतो. लेखी दिलेली, पोच घेतलेली गोष्ट विसरता येत नाही. माझ्या हाताखाली एक कारकून होत्या, अतिशय सौम्य. एका कामातली गंभीर चूक त्यांनी टिपणीत लिहून ठेवली. साहेबांनी तोंडी सांगितलं, टिपणी काढून टाका. त्या म्हणाल्या, पान क्रमांक पडलाय. बस, एवढंच. दोन वर्षांनी चौकशी झाली तेव्हा त्या एका पानाने चार जण वाचले.

मोकळेपणा हवा, विश्वास हवा, सगळं मान्य. पण मोकळेपणा साहेबाच्या स्वभावावर अवलंबून असेल तर साहेब बदलला की संपतो. पान क्रमांक राहतो.


अनवाणी :

कोनाडा, मण्यांच्या प्रयोगावर दोन दिवस विचार केला. माझ्या चार संस्थांपैकी ज्या दोन चांगल्या म्हटल्या, तिथले वरचे लोक काय वेगळं करायचे ते आठवून पाहिलं. एक जण रोज सकाळी मजल्यावर चक्कर मारायचे आणि ठरावीक एकच प्रश्न विचारायचे : "काल कशात वेळ वाया गेला?" उत्तर वहीत लिहून घ्यायचे, दोन-तीन दिवसांत त्यावर काय झालं ते येऊन सांगायचे. नाही झालं तरी येऊन सांगायचे. मी याला त्यांचा चांगुलपणा म्हणत होतो. आता वाटतं, चांगुलपणा होताच, पण ती पद्धतही होती, आणि दुसऱ्या कुणालाही करता आली असती.

तरी माझा मुद्दा पूर्ण सोडत नाही. पद्धत कागदावर कोणीही आणेल. ती रोज करणारा माणूस लागतोच.


लंबक :

सगळ्यांचे आभार. अनवाणी, तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे, आणि त्याच्याच शेजारी एक उदाहरण ठेवावंसं वाटतं.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना. गैरहजेरी, संप, दारू, तक्रारींचे ढीग. कंपनीच्या सर्वांत वाईट कारखान्यांत गणना. १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच पुन्हा सुरू झाला, नाव नम्मी. युनियन तीच, कामगारही बहुतेक तेच जुने. थोड्याच काळात गैरहजेरी कोसळली आणि गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या तोडीला आला. डोक्यावरून जाणारी एक दोरी होती. कुणाही कामगाराला अडचण दिसली की ओढायची. ओढली की टीम लीडर धावत येतो, आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं म्हणजे नोकरीशी खेळ होता.

माणसं तीच. पण पुढचा भागही तितकाच खरा आहे : जनरल मोटर्सला ही पद्धत स्वतःच्या दुसऱ्या कारखान्यांत रुजवायला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. दोरी बांधता येते. ओढल्यावर धावत येणारा आणि ओरडणार नाही असा माणूस तयार करायला वेळ लागतो. दोरी ओढल्यावर एकदा जरी "का ओढलीस" असं विचारलं, तर पुढची दहा वर्षं ती शोभेची. मी एकदा तसं विचारून बसलो होतो.

शिरस्ता, पान क्रमांकाची गोष्ट मनात ठेवीन. माझ्याही लॉगबुकला पान क्रमांक होते. पण प्रत्येक पानावर 'सर्व ठीक' असेल तर नोंद कुणाला वाचवणार? दोन्ही लागतं, एवढं मला दिसतंय.


शिरस्ता :

बरोबर. आणि नोंद असूनही उपयोग होत नाही याचं माझ्या मनातलं सर्वांत क्लेशदायक उदाहरण चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाचं आहे. २७ जानेवारी १९८६ ची रात्र. रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी थंडीत कडक होते, ५३ अंश फॅरनहाइटखाली उड्डाण नको, असं ते रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी टेलिफोन परिषदेत सांगितलं. तक्ते दाखवले. म्हणजे बातमी पोचली होती, लंबक, तुमच्या कसोटीवर उत्तीर्ण! नंतर कंपनीच्या वरिष्ठांनी आपसात चर्चा केली, तेव्हा एका उपाध्यक्षाला सांगितलं गेलं की अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. शिफारस बदलली. दुसऱ्या दिवशी उड्डाण झालं आणि यानातले सातही जण गेले.

समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी यावर पुढे सविस्तर अभ्यास केला. कड्या आधीच्या उड्डाणांतही झिजल्या होत्या. दर वेळी थोडी झीज चालवून घेतली गेली आणि चालवून घेतलेली झीज हाच पुढच्या वेळचा नियम झाला. बातमी जुनी झाली की ती बातमी राहत नाही, ती सवय होते.


कोनाडा :

शिरस्ता, फार महत्त्वाचं लिहिलंत. यावरून मला लंबकांच्या कसोटीबद्दलची माझी शंका सांगता येते.

परिणामकारकतेची एकच व्याख्या या विषयात कधीच टिकलेली नाही. बार्नार्ड न्यू जर्सी बेल टेलिफोनचे अध्यक्ष होते. त्यांनी १९३८ मध्येच दोन गोष्टी वेगळ्या केल्या : संस्थेचं उद्दिष्ट साध्य होणं एक, आणि त्यात झटणाऱ्या माणसांना आपल्या श्रमाचं चीज झाल्यासारखं वाटणं दुसरं. पहिलं साधलं आणि दुसरं हुकलं, तर माणसं हळूहळू मनाने निघून जातात. आदेशाबद्दल त्यांचं म्हणणं तर आजही लोकांना धक्का देतं : अधिकार आदेश देणाऱ्याकडे नसतो, तो मानणाऱ्याकडे असतो. खालच्याने मानला तरच तो आदेश.

शिवाय कामाचा पोत बघावा लागतो. जोन वुडवर्ड यांनी १९५० च्या दशकात इंग्लंडच्या एसेक्समधले १०० कारखाने पाहिले. पुस्तकी तत्त्वं पाळणारे जास्त यशस्वी, असं काही दिसेना. मग त्यांनी उत्पादनाच्या पद्धतीनुसार गट पाडले, एकेक नग घडवणारे, मोठ्या संख्येने काढणारे, आणि रसायनांसारखी अखंड प्रक्रिया चालवणारे, तेव्हा चित्र जुळलं. यशस्वी ठरलेल्यांची रचना आपापल्या गटाच्या सरासरीजवळ होती. म्हणजे तिठांच्या टीमला जी मोकळीक शोभते ती रानवेल यांच्या औषधाच्या ट्रेला शोभेलच असं नाही. तिथे कुपी कुठे ठेवायची याचा नियम कडकच हवा.


रानवेल :

हो, कोनाडाताई, नियम कडकच आहे. पण नियम कुठे चुकतोय ते सांगायला मोकळीक आहे. आमच्या त्या दोन कुप्या वेगळ्या झाल्या त्या एका प्रशिक्षणार्थी मुलीच्या फॉर्ममुळे. तिने चूक केलीच नव्हती, "होता होता राहिली" असं लिहिलं होतं. विमान वाहतुकीत अशा टळलेल्या चुका गोपनीय ठेवून गोळा करायची व्यवस्था अमेरिकेत १९७६ पासून आहे. ती नासा चालवते, विमान नियंत्रक संस्था नाही. शिक्षा करू शकणाऱ्याच्या हातात ती पेटी दिलेली नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

लंबकदादा, एक विचारायचं राहिलं. त्या लॉगबुकचं पुढे काय केलंत?


लंबक :

'शेरा' रकाना काढून टाकला. त्याजागी दोन रकाने केले. पहिला पाळी सोडणाऱ्याचा : काय वेगळं जाणवलं? दुसरा आमचा : त्यावर काय केलं? दुसरा रकाना २४ तासांत भरायचाच, आणि भरणाऱ्याने नाव लिहायचं, हे मी स्वतःवर आणि माझ्या लोकांवर बंधन घातलं.

पहिले १७ दिवस पहिला रकाना कोरा. मग त्याच ऑपरेटरची नोंद आली : "३ नंबर पंप, सकाळी थंड असताना खरखर. तासाने थांबते." पंप उघडला. काहीही सापडलं नाही. अगदी मागच्या वेळसारखंच. मी दुसऱ्या रकान्यात लिहिलं, "उघडून पाहिला, दोष आढळला नाही. पुन्हा आवाज आला तर पुन्हा लिहा, पुन्हा उघडू." आणि खाली सही केली. त्या पानाचे फोटो काढून पाच जणांनी एकमेकांना पाठवले, हे मला नंतर कळलं. पुढच्या आठवड्यात रोज दोन-तीन नोंदी यायला लागल्या.

मी निघालो तेव्हा रोजची १०-१२ नोंदींची सवय होती. नंतर ती वही जाऊन संगणकावरचा फॉर्म आला. मागच्या महिन्यात तो ऑपरेटर भेटला. म्हणाला, फॉर्मवर बिघाडाचा प्रकार यादीतून निवडावा लागतो, निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यादीत गळती आहे, कंपन आहे, तापमान आहे. "वेगळा आवाज" नाही. तो 'बिघाड नाही' निवडतो.

तिठा, तुम्ही असे फॉर्म बनवता. त्याला काय सांगू?


तिठा :

यादीच्या शेवटी 'इतर' आहे का ते बघायला सांगा. नसेल तर मला सिस्टीमचं नाव व्यक्तिगत निरोपाने कळवा. असे फॉर्म बहुतेक वेळा कारखान्यातलाच कुणीतरी बदलू शकतो, बदलण्याचा अधिकार कुणाकडे आहे हेच मजल्यावर माहीत नसतं. मोकळा मजकूर लिहायची एक चौकट वाढवायला अर्धा तास लागतो.

आणि ती चौकट कोण वाचणार, त्याचं नाव तिच्या शेजारी दिसेल असं करायला सांगा. त्याला अजून अर्धा तास.